चुना

तिनं विचारलं, सूचना कोणत्या भाषेत हव्यात?
यंत्राच्या पोटात पंजाबी आहे, पोलिश आहे, गुजराती, चिनी.
मराठी नाही, म्हणाली, आणि जरा खट्टू झाली,
जणू तिच्याच घरचं मीठ संपलं होतं.
मॉर्व्हेन तिचं नाव.
म्हटलं, लाव काहीही.

डंडीत सकाळपासून समुद्राचं धुकं वर चढलेलं,
टे नदीवरचा पूल अर्धाच दिसत होता,
निघालेली गाडी मधेच कुठंतरी पुसली जात होती.
तीस वर्षं मी इथल्या छपरांची, बोटींची, बेकऱ्यांची
जोखीम मोजली, विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर.
किती टक्के जळेल, किती टक्के बुडेल,
मान वर न करता लिहून देत आले.
आज माझी फाइल दुसऱ्या कुणाच्या टेबलावर.

नाडी एकोणऐंशी. फार झाली.
त्यांना साठच्या आत हवी, नाहीतर फोटो हलतो.
एक गोळी दिली आणि तासभर बसवून ठेवलं,
लग्नघरी चुकून लवकर पोचलेल्या पाहुण्यासारखं.
काळजाचा ठोका चुकतो म्हणतो आपण.
काळीज म्हणजे खरं तर यकृत,
हे मला चाळिशीत कळलं.
खाटकाकडे पावशेर काळीज मागणाऱ्या आईला
ते कायमच ठाऊक होतं.

मग जिभेखाली फवारा, कोपरात सुई.
'आता सगळं अंग तापेल,
लघवी झाली असं वाटेल. होत नाही.'
ऊब घशातून मांड्यांपर्यंत उतरली
आणि यंत्र बोललं. पोलिश.
आधीच्या माणसाचं तसंच राहून गेलेलं.
मला एक अक्षर कळलं नाही.
मी बरोबर तिथंच श्वास घेतला,
बरोबर तिथंच धरला.

आठ दिवसांनी डॉक्टर अबर्नेथींनी
माझं हृदय माउसनं हवेत फिरवून दाखवलं,
डावीकडून, खालून, पुन्हा डावीकडून.
आल्याचा मोठा गड्डा,
अंगाला ओल्या मुळ्या चिकटलेल्या.
आणि डाव्या मुळीवर, अगदी सुरुवातीला,
पांढरे ठिपके.
कॅल्शियम, ते म्हणाले.
चुना, मी ऐकलं.

अण्णांचं चुनाळं पितळी होतं,
झाकण साखळीनं अडकवलेलं.
नखावर चुना, तळव्यावर तंबाखू,
आणि जळगावच्या कोर्टात पंचवीस वर्षं
दुसऱ्यांच्या तारखा.
(त्या चुन्याचा या चुन्याशी संबंध नाही.
डॉक्टरांना विचारून घेतलं.)
एकोणपन्नासाव्या वर्षी एका रात्री म्हणाले, जळजळतंय.
आईनं ओवा दिला.
शेजारच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, गॅस धरलाय म्हणाले.
ऐकण्यापलीकडे त्यांच्याकडे तरी काय होतं.
पहाटे चारला सगळं आटोपलं.
चुना लावून गेला रे, असं काका म्हणाले
आणि मग त्यांनाच रडू आवरेना.

स्कोअर एकशे ब्याऐंशी.
दहा वर्षांत चौदा टक्के.
म्हणजे माझ्यासारख्या शंभर बायका एका हॉलमध्ये उभ्या केल्या
तर त्यातल्या चौदाजणी.
कोणत्या, ते कागद सांगत नाही.
मीही कधी बेकरीवाल्यांना सांगितलं नव्हतं.
एक गोळी रात्री, एक सकाळी. रोज चालायचं.
मी सही केली, सवयीनं तारखेखाली रेघ ओढली.

संध्याकाळी अकोल्याला भावाला फोन लावला.
तिकडं अंथरुणं घालून झाली होती.
सगळं सांगितलं, मुळी, ठिपके, टक्के.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, ताई,
त्यात अण्णांचं काही दिसलं का गं?

डाव्या बाजूला, म्हटलं. अगदी सुरुवातीला.
उद्या जाऊन तूही काढून घे.
आणि हे बघ, कधी जळजळलं
तर ओवा खाऊन झोपू नकोस.